देशाभिमान आणि पक्षाची वृत्तपत्रं: वंशद्वेषाला खतपाणी कोण घालतं?

गोदाकाठ

सार्वजनिक वाचनालयात सकाळी एकाच दिवसाचे चार-पाच मराठी पेपर शेजारीशेजारी मिळतात. त्यातली एकच गुन्ह्याची बातमी सगळ्यांत वाचून बघा. घटना तीच, पोलीस ठाणे तेच, आरोपी तेच. एका ठिकाणी मथळा असतो ‘घरफोडीप्रकरणी तिघे अटकेत’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘परप्रांतीय टोळीचा धुमाकूळ’. पहिल्या मथळ्यात गुन्हा तीन माणसांचा आहे, दुसऱ्यात एका अख्ख्या प्रांताचा.

माझं मत असं की नुसता देशाभिमान किंवा प्रांताभिमान कुणाचं काही बिघडवत नाही. पक्षाचं मुखपत्र एकटं असेल तर कंटाळवाणं असतं, कार्यकर्त्यांखेरीज कुणी वाचत नाही. दोघं एकत्र आले की मात्र ‘आपण’ कोण हे अभिमान ठरवतो, ‘ते’ कोण हे पेपर रोज सकाळी सांगतो, आणि वंशद्वेषाला लागणारा सगळा माल तयार होतो.

पटतं का? नसेल तर का नाही? वर्ष, ठिकाण, कोर्टाचा निकाल असं काही हातात असेल तर लिहा. ‘आमच्या ग्रुपवर आलं होतं’ हा पुरावा धरला जाणार नाही.

तर्री_जास्त

पहिला नंबर! चिवडा घेऊन बसलोय. सुरू करा मंडळी.

द्राक्षबाग

पटत नाही. पेपरला फार मोठं करताय. छापखाना यायच्या आधी कितीतरी शतकं गावकुसाबाहेर वस्त्या होत्याच. तेव्हा कुठला संपादक होता? आणि आज पेपर वाचतो कोण? १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यात राईनपाड्याला डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच जण जमावाने मारले. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. त्यात ना मुखपत्र होतं, ना राष्ट्राभिमान. माणसाला अनोळखी माणसाची भीती वाटते, एवढं साधं आहे ते.

खिळेजुळारी

गोदाकाठ, तुम्ही म्हणता तो ‘परप्रांतीय’ मथळ्यात कुठून येतो ते सांगतो. बऱ्याचदा त्यामागे कट वगैरे काही नसतो.

पोलिसांची प्रेस नोट ठरलेल्या साच्यात असते. आरोपीचं नाव, वय, मग ‘रा.’ म्हणजे राहणार. माणूस सिडकोतला असेल तर ‘रा. सिडको’ एवढ्यावर भागतं. बाहेरून आलेला असेल तर ‘सध्या रा. अंबड, मूळ रा. अमुक जिल्हा, उत्तर प्रदेश’. म्हणजे प्रांत फक्त बाहेरच्याचाच कागदावर येतो. चोर सिन्नरचा असेल तर ‘महाराष्ट्रीय चोर’ असं कुठेच लिहिलेलं नसतं. पक्षपाताची पहिली पायरी पेपरच्या कचेरीबाहेरच चढून झालेली असते.

पुढचं काम डेस्कवर. तीन कॉलमी मथळ्यात जेमतेम पाच-सहा शब्द मावतात. तीन आरोपींची नावं घालता येत नाहीत, त्यांचा धंदाही वेगवेगळा. तिघांना एकत्र बांधणारा एकच शब्द समोर असतो तो म्हणजे ‘मूळ रा.’ मधला प्रांत. पान सोडायची वेळ झालेली, उपसंपादक तो शब्द उचलतो. ‘टोळी’ हा त्याच्या पदरचा. कायद्याने दरोडा म्हणायला किमान पाच जण लागतात, पण मथळ्यात दोन माणसांचीही टोळी होते.

मुखपत्रात एक पायरी वाढते. हीच बातमी आतल्या पानावरून पहिल्या पानावर आणायची, शेजारी मागच्या महिन्यातल्या दोन-तीन तशाच घटनांची चौकट लावायची आणि दुसऱ्या दिवशी अग्रलेख लिहायचा. चौकटीतली प्रत्येक ओळ खरी असते. खोटं असतं ते एकत्र मांडणं, कारण त्याच महिन्यातल्या बाकीच्या घरफोड्या चौकटीत घेतलेल्या नसतात.

सहावी_स्कीम

खिळेजुळारी काका, दंडवत. ‘मूळ रा.’ कडे आजवर असं बघितलंच नव्हतं.

जुना_आग्रारोड

द्राक्षबाग, गावकुसाचा मुद्दा मान्य. जात छापखान्याआधीची आहे. पण जुना भेद आणि पेटवलेला भेद यात फरक असतो. आपल्याच देशातलं उदाहरण घ्या, तेही दुसऱ्या बाजूचं.

१८८३ साली इल्बर्ट विधेयक आलं. मागणी किरकोळ होती: जिल्ह्यातल्या हिंदी न्यायाधीशालाही युरोपियन आरोपीचा खटला चालवता यावा. कलकत्त्याच्या ‘इंग्लिशमन’सारख्या गोऱ्यांच्या पत्रांनी त्यावर मोहीम उघडली. मळेवाले, व्यापारी, वकील सभा घेऊ लागले. काळा न्यायाधीश गोऱ्या बाईचा निवाडा करणार, ही भीती पत्रांतून दिवसामागून दिवस घातली गेली. भाषा साम्राज्याच्या अभिमानाची, आतला माल चामडीच्या रंगाचा. अखेर १८८४ च्या जानेवारीत तडजोड झाली आणि युरोपियन आरोपीला निम्मे तरी युरोपियन असलेली ज्युरी मागायचा हक्क मिळाला. म्हणजे पेपरच्या मोहिमेने कायदा वाकवला. इथे ‘अनोळखी माणसाची भीती’ चालत नाही. ती मंडळी पिढ्यान् पिढ्या हिंदी नोकरांच्या हातचं जेवत होती.

आता आपल्या बाजूचं. १९२० मध्ये ‘मूकनायक’ निघालं तेव्हा त्याची जाहिरात ‘केसरी’ने पैसे देऊ केले तरी छापली नाही. देशभक्तीत ‘केसरी’ कुणाला हार जाणारं पत्र नव्हतं. देशाचा अभिमान आणि देशबांधवाला पंगतीत न घेणं एकाच कचेरीत सुखाने नांदत होतं.

आणि नाशिककरांनी तर दोन तारखा शेजारीशेजारी ठेवाव्यात. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, १२ मार्चला दांडीयात्रा निघाली. दहा दिवसांचं अंतर. मीठ उचलणारे सगळे काळारामाच्या दारात आले असते तर तो सत्याग्रह पाच वर्षं रेंगाळला नसता. म्हणून मी गोदाकाठच्या थोडं पुढे जातो. अभिमान ‘नुसता’ असूच शकत नाही. ‘आपण’मध्ये कोण मोडतं हे आधी ठरतं, अभिमान त्यावर चढतो.

तर्री_जास्त

आग्रारोडसाहेब, ‘आपण’ कोण यावर नाशिकमध्ये आधीच यादवी आहे. नाशिकरोडवाला शहरात यायला निघाला की ‘नाशिकला चाललो’ म्हणतो.

द्राक्षबाग

विनोद बाजूला ठेवू. इतिहासातली दोन उदाहरणं म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही. द्वेष आधीच होता म्हणून तसले पेपर खपले, की पेपर खपले म्हणून द्वेष वाढला? हे कुणी वेगळं करून दाखवलंय का?

आकडेमोड

दाखवलंय. पण द्राक्षबागचा प्रश्न अगदी योग्य जागी आहे, आणि नेमकं इथेच बहुतेक लोक घसरतात. द्वेष्टा माणूस द्वेषाचा पेपर विकत घेतो, त्यामुळे ‘हा पेपर वाचणारे जास्त द्वेष्टे’ असा आकडा कितीही मोठा आला तरी त्यातून काही सिद्ध होत नाही. कोणाला माध्यम मिळालं आणि कोणाला नाही हे वाचकाच्या आवडीवर न ठरता भलत्याच कारणाने ठरलेलं असावं लागतं.

रवांडात १९९४ मध्ये बहुसंख्य हुतूंनी अल्पसंख्य तुत्सींचा नरसंहार केला. तिथे असं कारण डोंगरांनी पुरवलं. ‘कांगुरा’ हे पाक्षिक १९९० मध्ये सुरू झालं. त्याच वर्षाच्या डिसेंबरच्या अंकात तुत्सींशी लग्न, धंदा, दोस्ती करू नये अशा हुतूंसाठीच्या दहा आज्ञा छापल्या होत्या. १९९३ च्या जुलैत आरटीएलएम रेडिओ आला. तो तुत्सींना झुरळं म्हणायचा. प्रक्षेपण टेकड्यांनी अडायचं. एका गावात ऐकू येई, पलीकडच्या तशाच गावात नाही. नरसंहारानंतरच्या खटल्यांच्या नोंदी गाववार लावून एका अर्थशास्त्रज्ञाने हिशेब मांडला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सहभागापैकी सुमारे १० टक्के रेडिओमुळे.

हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचायचा. १० टक्के म्हणजे हजारो माणसं. पण उरलेले ९० टक्के रेडिओ नसता तरी झाले असते, कारण लष्कर, मिलिशिया आणि प्रशासन कामाला लागलं होतं. रेडिओने सगळं घडवलं असं म्हणणारा आणि काहीच घडवलं नाही असं म्हणणारा, दोघांच्याही हाती हा पुरावा लागत नाही.

दुसरं उदाहरण क्रोएशियाचं, तुमच्या अभिमानाच्या मुद्द्यावरचं. सीमेजवळच्या क्रोएशियन गावांत सर्बियाचा सरकारी रेडिओ पकडता येतो. लोक गाण्यांसाठी लावतात. तो रेडिओ स्वतःच्या देशाची टिमकी वाजवणारा. परिणाम काय? जिथे सिग्नल पोचतो त्या गावांत कडव्या क्रोएशियन राष्ट्रवादी पक्षाला जास्त मतं आणि भिंतींवर सर्बविरोधी घोषणा जास्त. शेजाऱ्याचा फुगलेला अभिमान कानावर पडला की आपला फुगतो. प्रचार ज्यांच्यासाठी होता त्यांच्यावर नाही, ज्यांच्याविरुद्ध होता त्यांच्यावर उलटा चालला.

तिसरं खास वृत्तपत्राचं. १९८९ मध्ये हिल्सबरो स्टेडियममध्ये चेंगराचेंगरीत लिव्हरपूल क्लबचे चाहते मेले. ‘द सन’ने दोष चाहत्यांवरच टाकला. लिव्हरपूल परिसराने त्या पेपरावर बहिष्कार घातला, तो आजही टिकून आहे. कारण फुटबॉल, युरोपशी काही संबंध नाही. पण हा पेपर युरोपविरोधी होता, आणि पुढच्या वर्षांत त्या भागातला युरोपविरोध आसपासच्या भागांच्या तुलनेत ओसरला. ब्रिटनने युरोपीय संघात राहावं की बाहेर पडावं या २०१६ च्या जनमतात लिव्हरपूल शहराने ५८ टक्के मतं युरोपात राहण्याच्या बाजूने दिली.

सहावी_स्कीम

पण युरोपविरोध म्हणजे वंशद्वेष नव्हे ना?

आकडेमोड

नव्हे. लिव्हरपूलवरून एवढंच कळतं की रोजचा पेपर बंद झाला की मत सरकतं. त्याच जनमतानंतरची दुसरी नोंद बघा: इंग्लंड-वेल्सच्या पोलिसांकडे जुलै २०१६ मध्ये वंश किंवा धर्मावरून झालेले गुन्हे आदल्या वर्षीच्या जुलैपेक्षा ४१ टक्क्यांनी जास्त नोंदले गेले. लोकांची मनं एका महिन्यात ४१ टक्क्यांनी बदलत नाहीत. मनात होतं ते उघड करायला आता हरकत नाही, असं वाटलं. माध्यमं द्वेष नव्याने पेरतात त्यापेक्षा त्याला परवाना जास्त देतात, असं मला या सगळ्यावरून दिसतं.

जुना_आग्रारोड

त्याच लिव्हरपूलमध्ये मे १९१५ ला जर्मनांची खाटकाची दुकानं फोडली होती. ७ मे ला जर्मन पाणबुडीने लुसिटानिया ही प्रवासी बोट बुडवली, दुसऱ्या दिवसापासून दंगल. कित्येक दुकानदार वर्षानुवर्षांचे ब्रिटिश नागरिक होते. लंडनचं ‘जॉन बुल’ साप्ताहिक तर ब्रिटनमधल्या सगळ्या जर्मनांवर सूड उगवा असं लिहीत होतं. देशभक्तीचा भर ओसरेपर्यंत देशातल्याच लोकांची घरं गेली. परवाना हा शब्द बरोबर आहे.

वकील_पंचवटी

परवान्याचंच बोलायचं तर मराठीत बोलू, लिव्हरपूलपर्यंत कशाला?

न्या. श्रीकृष्ण आयोगाचा १९९८ चा अहवाल काढा. १९९३ च्या जानेवारीतल्या मुंबईच्या दंगलीबद्दल त्यात स्पष्ट नोंद आहे. माथाडी कामगारांचे खून आणि जोगेश्वरीची राधाबाई चाळ या घटनांची अतिरंजित वर्णनं ‘सामना’ आणि ‘नवाकाळ’ यांनी छापली, आणि त्या चिथावणीच्या लिखाणाने हिंदूंच्या भावना भडकल्या. दोन्ही घटना खऱ्या होत्या, माणसं खरोखर मेली होती. आयोगाचं बोट अतिरंजनावर आणि चिथावणीवर आहे. खिळेजुळारींच्या चौकटीचीच ही मोठी आवृत्ती.

आता धाग्याच्या प्रश्नाचा गाभा. ‘सामना’तल्या अग्रलेखांवर समाजांत वैर पसरवण्याबद्दलच्या कलम १५३अ खाली खटला भरावा म्हणून माजी मुख्य सचिव जे. बी. डिसूझा उच्च न्यायालयात गेले. १९९४ मध्ये याचिका फेटाळली गेली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही दखल घेतली नाही. उच्च न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: ही टीका सगळ्या मुसलमानांवर नाही, देशविरोधी वागणाऱ्या मुसलमानांवर आहे.

म्हणजे समूहाच्या नावाआधी ‘देशद्रोही’ हे विशेषण लावलं की कलम लागू होणं अवघड. विशेषण कोणाला लागू आणि कोणाला नाही हे वाचकाने ठरवायचं, आणि दंगलीच्या रात्री तो बारकावे बघत बसत नाही. देशाभिमान इथे भावना राहत नाही, कायदेशीर चिलखत होतो. गोदाकाठ, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर ‘हो’ आहे ते या निकालामुळे.

संपादक मंडळ

आजच्या पक्षांवर, नेत्यांवर घसरू नये. आयोगाचे अहवाल, निकाल चालतील. वैयक्तिक शेरे असलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत.

तर्री_जास्त

त्यातला एक माझा होता. चांगला होता हो.

खिळेजुळारी

यादीची पद्धत राहिली. ‘मार्मिक’ १९६० ला निघालं आणि काही वर्षांत त्यात मुंबईतल्या कंपन्यांतल्या, सरकारी कचेऱ्यांतल्या अमराठी, मुख्यतः दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या येऊ लागल्या. सदराचं नाव आधी ‘वाचा आणि थंड बसा’, नंतर ‘वाचा आणि उठा’. तंत्र म्हणून पाहिलं तर फार प्रभावी. मत मांडायचंच नाही, नुसती नावं छापायची. आडनावावरून वाचक स्वतःच निष्कर्ष काढतो, आणि स्वतः काढलेला निष्कर्ष माणूस सहसा सोडत नाही.

त्या यादीत गहाळ काय असायचं? किती जणांनी अर्ज केले, कुठली पात्रता हवी होती, एकूण जागा किती, मराठी किती. छेद गाळायचा आणि अंश छापायचा. मराठी तरुणाची बेकारी खरी होती आणि राग रास्त होता. म्हणूनच ते चाललं.

द्राक्षबाग

रास्त होता म्हणता ना? मग त्याला वंशद्वेष का म्हणायचं? स्थानिकाला नोकरी मागणं हा गुन्हा नाही.

वकील_पंचवटी

नाहीच. मागणी धोरणाकडे केली तर राजकारण. मागणी माणसाच्या अंगावर वसूल केली तर दुसरं काहीतरी. फेब्रुवारी २००८ आठवा. परप्रांतीयांविरुद्धच्या आंदोलनात सातपूर-अंबडमधले उत्तर भारतीय कामगार गठुळी घेऊन नाशिकरोड स्टेशनवर आले. कारखाने आणि बांधकामं अडली. आणि बसवरच्या दगडफेकीत मेला तो एचएएल या विमान कारखान्यातला मराठी कर्मचारी.

नवी_नाशिककर

मला दुटप्पीपणा जास्त खटकतो. २००९ मध्ये मेलबर्नला भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले तेव्हा आपल्याकडे कित्येक आठवडे ‘वर्णद्वेषी ऑस्ट्रेलिया’ चाललं, आणि ते बरोबरच होतं. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात एका स्थानिक मुलाच्या मृत्यूनंतर अफवा उठल्या आणि मॉलमध्ये आफ्रिकी विद्यार्थ्यांना जमावाने बडवलं. आफ्रिकी देशांच्या राजदूतांनी पत्रक काढून त्याला वंशद्वेषी म्हटलं. आपल्याकडे सूर काय होता? ‘भारताची बदनामी’. मार खाणाऱ्यापेक्षा देशाचं नाव खराब होण्याची चिंता जास्त. अभिमान वंशद्वेष पेरतो की नाही ते माहीत नाही, झाकतो नक्की.

सहावी_स्कीम

+१. ईशान्येकडच्या मुलामुलींबद्दलही तेच. ‘आपलेच’ म्हणायचं आणि चिंकी म्हणून हाक मारायची. ऑगस्ट २०१२ मध्ये हल्ल्याच्या अफवांमुळे बंगळुरू-पुण्याहून त्यांचे लोंढे गाडीत बसले तेव्हा केंद्राने एका वेळी पाचच एसएमएस असा निर्बंध घातला होता. पेपरवर काही निर्बंध?

खिळेजुळारी

माणसांना लोंढे म्हणू नका. मथळ्यात तेच होतं. पूर, लोंढे, घुसखोरी, टोळधाड. एप्रिल २०१५ मध्ये ‘द सन’मधल्या एका स्तंभात स्थलांतरितांना झुरळं म्हटलं होतं, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्तांनी रवांडाची आठवण करून दिली होती. पाण्याला आणि किड्याला पत्ता नसतो, वय नसतं, काम नसतं.

सहावी_स्कीम

घ्या, बोटांतून आपोआप आलं.

मोसमकाठ

मालेगावचा आहे म्हणून दोन खटले शेजारी ठेवतो. २००६ च्या स्फोटांत नऊ मुस्लीम तरुण पकडले. अटकेच्या बातम्या पहिल्या पानावर. एप्रिल २०१६ मध्ये हयात असलेल्या आठही जणांना न्यायालयाने दोषमुक्त केलं. २००८ च्या स्फोटानंतर ‘हिंदू दहशतवाद’ हा शब्द मथळ्यांत रुळला, आणि ३१ जुलै २०२५ ला सातही आरोपी निर्दोष सुटले. दोन्ही वेळा धर्माचा शिक्का आरोपपत्राआधी बसला. पक्षपाती पेपरांचे वाचक यातलं एकच प्रकरण आठवतात, कोणतं ते पेपरवर अवलंबून. आणि दोन्ही स्फोटांत जीव गेले ते मालेगावच्या माणसांचे, त्यांच्या घरच्यांना अजून काही कळलेलं नाही.

खिळेजुळारी

अटक पहिल्या पानावर आणि सुटका सातव्या पानावर, याचंही कारण यंत्रणेत आहे. अटकेची बातमी क्राइम बीटची, सुटकेची कोर्ट बीटची. मध्ये दहा वर्षं गेलेली असतात, पहिली बातमी देणारा दुसऱ्या पेपरात गेलेला असतो आणि कात्रण कुणी काढत नाही.

पण इच्छा असेल तर न्यायालय तरी जोडून दाखवतं. ऑगस्ट २०२० मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातीच्या परदेशी सदस्यांवरचे करोनाकाळातले गुन्हे रद्द केले, तेव्हा निकालात छापील आणि दूरचित्रवाणी माध्यमांतल्या मोठ्या प्रचाराचा उल्लेख केला आणि या लोकांना बळीचा बकरा केल्याचं म्हटलं.

द्राक्षबाग

ठीक. राईनपाड्याचं उत्तर अजून कुणी दिलं नाही. तिथे कुठला पेपर होता?

जुना_आग्रारोड

पेपर नव्हता, बरोबर. साचा होता. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ च्या ऑगस्टमध्ये गेला, पण ‘पारधी टोळी’, ‘भटक्यांची टोळी’ हे शब्द गेले नाहीत. राईनपाड्यात जमावाने त्या पाच जणांची ओळखपत्रं बघूनही विश्वास ठेवला नाही असं तेव्हा छापून आलं होतं. भटका म्हणजे चोर, हे आधी कुठेतरी वाचल्याऐकल्याशिवाय कागद हातात असताना माणूस खोटा वाटत नाही. मोबाइलने वेग दिला. व्हॉट्सअ‍ॅपने त्यानंतर भारतात एका वेळी पाचच जणांना पुढे पाठवायची मर्यादा घातली. वेग कमी झाला, साचा तसाच.

द्राक्षबाग

हे उत्तर मी ठेवून घेतो. तरी माझं म्हणणं राहतं: पेपर हा साचा बनवणाऱ्यांपैकी एक. शाळा, घर, पोलीस ठाणं, गावचा पार, सगळे त्यात आहेत.

गोदाकाठ

त्याला माझी हरकत नाही. पण पार मोजता येत नाही, पेपर मोजता येतो. सिंहस्थ तोंडावर आला आहे, बाहेरून लाखो माणसं येतील. त्याआधी आणि दरम्यान नाशिकच्या पेपरांची मोजदाद करायची तर कशी करावी? आकडेमोड, सांगाल का?

आकडेमोड

सलग महिनाभर घेऊ नका. एखादं मोठं प्रकरण त्याच महिन्यात आलं की सगळं वाकडं होतं. रचित आठवडा घ्या: वर्षातल्या सगळ्या सोमवारांतून चिठ्ठी टाकून एक सोमवार, मंगळवारांतून एक मंगळवार, असे सात दिवस. असे दोन आठवडे, म्हणजे प्रत्येक पेपरचे १४ अंक, वर्षाचा अंदाज यायला पुरतात. रविवारची पुरवणी जास्त मोजली जाण्याचा धोकाही त्यात टळतो.

प्रत्येक गुन्ह्याच्या बातमीसाठी एक ओळ: पान क्रमांक, कॉलम किती, आरोपीची जात, धर्म किंवा प्रांत मथळ्यात आहे की पहिल्या परिच्छेदात की आत, की नाहीच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या ओळखीचा गुन्ह्याशी संबंध आहे का. जातीवरून झालेल्या मारहाणीत जात सांगावीच लागते, सोनसाखळी चोरीत नाही.

दोघांनी एकमेकांना न दाखवता नोंदी करायच्या आणि मग पडताळायच्या. ‘संबंध आहे का’ या रकान्यात दहापैकी तीन-चार ठिकाणी मतभेद आले तर व्याख्या ढिली आहे, पुन्हा लिहा. ई-पेपरवरून मोजलंत तर नाशिक शहर आवृत्तीच उघडा, जिल्हा आवृत्तीत पान एक वेगळं असू शकतं.

आणि छेद. त्या काळात शहरात नोंदलेले एकूण गुन्हे किती, अटक किती. तो नसेल तर तुम्हीही ‘वाचा आणि उठा’च छापाल.

नवी_नाशिककर

मोजून झाल्यावर करायचं काय? तक्रार कुठे?

वकील_पंचवटी

छापील पेपर असेल तर दिल्लीची भारतीय प्रेस परिषद. आधी संपादकाला लेखी कळवा. संपादकाचं नाव शोधायला लांब जायला नको, प्रत्येक अंकात शेवटी मुद्रक-प्रकाशकाची ओळ असते, त्यात बातम्यांच्या निवडीला जबाबदार कोण ते छापलेलं असतं. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर परिषदेकडे जा. दैनिक आणि साप्ताहिकासाठी मुदत प्रसिद्धीपासून दोन महिने, बाकीच्यांसाठी चार. सोबत मूळ कात्रण, मराठी असेल तर इंग्रजी भाषांतर, संपादकाशी झालेला पत्रव्यवहार आणि विषय न्यायालयात प्रलंबित नाही असं निवेदन. फी नाही. ‘बातमी द्वेषपूर्ण आहे’ एवढं लिहून चालत नाही. परिषदेच्या आचारसंहितेत जातीचा अनावश्यक उल्लेख टाळावा असं कलम आहे, त्यावर बोट ठेवा आणि आकडेमोडचा तक्ता जोडा.

अपेक्षा बेताची ठेवा. परिषद ताकीद देते, नापसंती नोंदवते, दंड करू शकत नाही. मुदतीतच बहुतेक तक्रारी मरतात, कारण लोक आधी दोन महिने फेसबुकवर भांडतात.

टीव्हीसाठी परिषद नाही. तिथे प्रसारणानंतर सात दिवसांत वाहिनीकडे, मग स्वनियमन प्राधिकरणाकडे, तेही वाहिनी त्यांची सदस्य असेल तर. फौजदारी बाजूला जुन्या १५३अ चं आता भारतीय न्याय संहितेत कलम १९६ झालंय, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पण न्यायालयाने दखल घ्यायला सरकारची पूर्वपरवानगी लागते, आणि पेपर सरकारी पक्षाचा असेल तर ती फाइल कुठे अडकेल ते सांगायला नको. अनुसूचित जाती-जमातींबद्दल लिखाण असेल तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(१)(यू) जास्त धारदार. डवरी गोसावी मात्र आपल्याकडे भटक्या जमातींत, त्यामुळे त्यांना ते लागू नाही.

द्राक्षबाग

मोजणीला एक माणूस माझ्याकडून धरा. ‘संबंध आहे का’चा रकाना मी भरतो, गोदाकाठनी दुसरी प्रत भरावी. मतभेद भरपूर निघतील याची खात्री देतो.

गोदाकाठ

ठरलं. चिठ्ठ्या कोण टाकणार?

तर्री_जास्त

मी. तटस्थ आहे, फक्त मिसळीबाबत नाही.

आकडेमोड

टाकण्याआधी दिवाळीचे दिवस वगळा, पेपरला सुट्टी असते. आणि निवडलेल्या तारखा इथे आधी जाहीर करू नका, मोजणी संपल्यावर करा.